बेल्लदसाहेबांचा एकुलता एक भैरव

वीरभद्रप्पा बेल्लद यांना एकूण एक राग येत होता. भैरव. धारवाडात ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. इथे पेपर टाकणाऱ्यालाही तीन-चार राग येतात, निदान तो तसं म्हणतो आणि त्याला कुणी अडवत नाही. पण बेल्लदसाहेब पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, आणि सगळं आयुष्य पाणी न आलेल्या कालव्यांची देखभाल करण्यात गेल्यामुळे माणूस बाकी बाबतींत फार प्रामाणिक झाला होता. एक येतो तर एकच येतो, म्हणायचे.

सात वर्षं ते पहाटेच्या अंधारात कानटोपी घालून गड्डदमठ मास्तरांकडे जात होते. त्यातलं पहिलं वर्ष नुसत्या 'सा'मध्ये गेलं. दुसरं कोमल रिषभात. तिसऱ्या वर्षी मास्तर जरा मोकळ्या हाताने कोमल धैवतापर्यंत पोचले, पण तिथे त्यांना काहीतरी खटकलं आणि ते पुन्हा रिषभावर आले.

"रे म्हणजे पेटीची काळी पट्टी नव्हे, वीरभद्रा," मास्तर म्हणायचे. "काळी पट्टी काय, दुकानात मिळते. हे सात सूर ओळीने म्हणायला पोपटालाही शिकवता येतं. त्याला भैरव म्हणत नाहीत. भैरवाचा रे झुलला पाहिजे. पाळण्यासारखा झुलला पाहिजे. तुझा हादरतोय. चाक निखळल्यासारखा हादरतोय."

दुसऱ्या कुणी असला अपमान केला असता तर साहेबांनी त्याची फाईल दाबून ठेवली असती. पण मास्तरांपुढे ते मान खाली घालून पुन्हा हादरत. बाहेर मात्र या सगळ्याचा त्यांना भलताच अभिमान. "आमच्या घराण्याची रीतच तशी," ते ऑफिसात चहा पिताना सांगत. "एक राग सात-सात वर्षं. हल्लीचे लोक महिन्याला दोन शिकतात आणि तीन विसरतात."

अडचण एवढीच की भैरव हा पहाटेचा राग. आणि आपल्याकडे पहाटे होतं काय? पहाटे नळाला पाणी येतं. बाकी माणसांचे सगळे समारंभ संध्याकाळी. लग्नाचं रिसेप्शन संध्याकाळी, निवृत्तीचा निरोप संध्याकाळी, गणपतीतले कार्यक्रम संध्याकाळी. कुणी म्हटलं, "साहेब, होऊन जाऊ द्या काहीतरी," की साहेब घड्याळाकडे बघायचे, खिन्न हसायचे आणि म्हणायचे, "ही वेळ नव्हे."

भाचीच्या रिसेप्शनला ते असंच म्हणाले आणि त्यांचा मेहुणा ईरण्णा फिस्सकन हसला. ईरण्णाचं मोटारीच्या टायरचं दुकान होतं आणि बहिणीच्या नवऱ्याची अब्रू काढणं हा त्याचा फावल्या वेळचा छंद होता.

"दाजी, तुमचं गाणं म्हणजे इडलीचं पीठ झालंय बघा," तो भर पंगतीत म्हणाला. "सकाळी घातली तर इडली, दुपारपर्यंत आंबून गेलं. सात वर्षांत एका माणसानं तरी ऐकलंय का हो तुम्हाला? का नुसतेच फिरायला जाता पहाटे?"

पंगत हसली. महानंदा, म्हणजे साहेबांची बायको, तीही हसली. भाऊ तिचाच होता, पण तरी साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मास्तरांपुढे हात जोडले.

"मास्तर, आता दुसरा राग द्या."

मनातल्या मनात त्यांना यमन हवा होता. दिवेलागणीचा, घरंदाज, कुणाच्याही रिसेप्शनला चालेल असा. यमनसाठी त्यांनी एक जाकीटसुद्धा शिवून ठेवलं होतं. पण शिष्याने रागाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ते नुसतं "दुसरा" म्हणाले.

मास्तर बराच वेळ पान जुळवत बसले. मग म्हणाले, "चार माणसांपुढे भैरव गा. त्याच्या वेळेला गा. आणि समेवर तू ये. मौनेशच्या भुवईवर बसून येऊ नकोस."

मौनेश बडिगेर हा मास्तरांकडचा तबलजी. ताल म्हणजे गोल फिरणारा रस्ता, फिरून फिरून पहिल्या मात्रेवर यायचं, तीच सम. साहेब या रस्त्यावर कैक वर्षं फिरत होते आणि दरवेळी घर विसरत होते. मग ते हळूच मौनेशकडे बघायचे, मौनेश सम आली की डावी भुवई उचलायचा, आणि साहेब तिथे धाडकन उतरायचे. मास्तर तेव्हा डोळे मिटून बसलेले असत. ते झोपलेले नसत हे साहेबांना आज कळलं.

"गायलास तर दुसरा राग. नाहीतर भैरव आहेच," मास्तर म्हणाले.

म्हणजे काम काय, तर चार माणसं. साहेबांना वाटलं, घरीच बोलवू.

"घरी?" महानंदा म्हणाली. "पहाटे? वरच्या मजल्यावर घरमालकांच्या मुलीचं बाळ पंधरा दिवसांचं आहे. ते कसंबसं पहाटेच झोपतं. तुम्ही 'सा' लावलात तर आपल्याला घर शोधावं लागेल. शोधू का आत्ताच?"

मग साहेब शेजारच्या कट्टीसरांकडे गेले. तिथेच सगळं घोडं पेंड खाऊ लागलं. कट्टीसर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि कॉलनीच्या देवळाचे सेक्रेटरी होते. त्यांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, त्यामुळे संगीतावर बोलायला ते मोकळे होते.

"चार माणसं?" कट्टीसर म्हणाले. "साहेब, तुम्ही बेल्लद आहात. चार माणसं तर तुमच्या मागे स्कूटरवर बसतील. देवळाचा सभामंडप घ्या. फुकट देतो. फक्त कार्यक्रम सर्वांना खुला हवा, आणि प्रास्ताविक मी करीन. लोकांना राग म्हणजे काय, सप्तक म्हणजे काय, ताल कसा मोजतात, काही कळत नाही हो. पाच मिनिटांत समजावतो."

पाच मिनिटं हा आकडा ऐकून महानंदाने कपाळाला हात लावला. कट्टीसरांनी एकदा नातवाच्या बारशाला पाच मिनिटं घेतली होती, तेव्हा मूल पाळण्यातून उठून बसायच्या बेताला आलं होतं.

सभामंडप मिळाला, तर त्यात माणसं हवीत. पहाटे माणसं कुठून आणायची? कट्टीसरांकडे तेही होतं. तळ्याकाठी रोज पहाटे फिरणाऱ्या ज्येष्ठांचं एक मंडळ होतं. चांगली पन्नास-साठ डोकी. एरवीही उठतात, इथे येऊन बसतील. मंडळाने तत्काळ होकार दिला आणि विचारलं, नाश्ता काय आहे?

"नाश्ता?" साहेब म्हणाले.

"नुसतं उप्पीट चालेल," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "पण उप्पीट आलं की शिरा आलाच. मधुमेहवाल्यांना शिरा नको, त्यांच्यासाठी मिरची भजी ठेवा."

मधुमेहाचा आणि मिरचीचा संबंध साहेबांना कळला नाही, पण माणसं हातची जातील म्हणून त्यांनी भजी लिहून घेतली. एका रागासाठी आचारी सांगावा लागला. पुन्हा मंडळातल्या निम्म्या लोकांना कमी ऐकू यायचं, म्हणून कर्णा हवा. आणि कर्णा हवा म्हणजे पोलिसांची परवानगी.

चौकीवरचे हवालदार फारच सौजन्याने वागले. त्यांनी साहेबांना तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा खुर्ची दिली.

"कार्यक्रम राजकीय?"

"नाही हो. गाण्याचा."

"मग अंधारात कशाला करताय? उजेडात करण्यासारखा नाही का?"

"भैरव आहे. तो सूर्योदयाच्या आधीच गातात."

"असं कोण म्हणतं?"

"शास्त्र."

"मग शास्त्राला एकदा चौकीवर घेऊन या," हवालदार म्हणाले. "सहाच्या आत कर्णा लावता येत नाही. मग तो तुमचा भैरव असो, नाहीतर साक्षात काळभैरव असो."

शेवटी सहा वाजता सुरू करायचं ठरलं. थंडीचे दिवस होते, सूर्य आळशी झाला होता, तेवढाच सरकारचा आणि शास्त्राचा मेळ बसला. सहा ते सूर्योदय ही बेल्लदसाहेबांची सगळी इस्टेट. ईरण्णाने स्वखर्चाने एक मोठा कापडी फलक रंगवून आणला. त्यावर साहेबांचं नाव लहान आणि 'ईरण्णा टायर्स' मोठं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब अंघोळ करून, नवी शाल घेऊन सभामंडपात पोचले तेव्हा मंडळाची माणसं आधीच येऊन आचाऱ्याभोवती उभी होती. मास्तर पहिल्या रांगेत, पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कर्णा लागला. हवालदार खास घड्याळ बघायला आले होते, त्यांनी मान हलवली. आणि वीज गेली.

ज्या कर्ण्यासाठी साहेबांच्या चपला झिजल्या तो कर्णा मान टाकून बसला. वीज गेली तसा विजेवरचा तंबोराही गेला. "खरा तंबोरा आणा," मास्तर जागेवरूनच म्हणाले. ईरण्णा मास्तरांच्या घरून तंबोरा घेऊन आला तो टायर उचलावा तसा खांद्यावर टाकून. थंडीने तारा उतरल्या होत्या. मास्तरांनी त्या लावून दिल्या आणि तंबोरा महानंदाच्या हातात ठेवला.

"मला नाही येत, मास्तर."

"चार तारा आहेत, एकामागून एक छेडायच्या. नवऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही. तुला जमेल."

"ते मला जमतं," महानंदा म्हणाली.

एवढं झाल्यावर लक्षात आलं की मौनेश आलेला नाही. हुबळीला रात्री लग्नात वाजवून तो परतत होता आणि त्याची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती. ईरण्णाने हे ऐकलं तेव्हा तो जरा सुखावल्यासारखा दिसला. "तो येईपर्यंत मी पाच मिनिटं घेतो," कट्टीसर म्हणाले आणि मंचावर चढले.

कट्टीसरांनी ध्वनिलहरींपासून सुरुवात केली. तिथून ते सा आणि प कसे जागचे हलत नाहीत आणि बाकीचे पाच कसे खालीवर सरकतात याकडे आले. थाट, आरोह, अवरोह, वादी, संवादी, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. मौनेश येऊन, तबला लावून, बोटं चोळत बसला तरी सर बोलतच होते. पूर्वेची खिडकी करड्याची पांढरी होऊ लागली. मास्तर खिडकीकडे बघत होते आणि साहेब मास्तरांकडे.

साहेबांचा धीर सुटला. त्यांनी ईरण्णाला कोपऱ्यात ओढलं. "ती खिडकी झाक."

"का?"

"उजाडतंय!"

"दाजी, खिडकी झाकली की उजाडायचं थांबतं?"

"झाक म्हणतो ना, मेल्या!"

ईरण्णाने खिडकीवर आपला फलक ताणून बांधला. सभामंडपात पुन्हा बऱ्यापैकी पहाट झाली. सूर्याच्या जागी 'ईरण्णा टायर्स' झळकू लागलं. मास्तर आता त्या फलकाकडे बघत बसले.

"आता शेवटचा मुद्दा, ताल," कट्टीसर म्हणाले. "तीनताल म्हणजे सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला करायचा. चला, माझ्याबरोबर सगळे!"

इथे एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. हे मंडळ तळ्याकाठी रोज टाळ्या वाजवायचं. टाळीने रक्त खेळतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि रक्त चांगलं खेळावं म्हणून ते टाळ्यांचा वेग वाढवत वाढवत नेत असत. सरांनी शिकवलेली ही नवी टाळी त्यांना इतकी आवडली की सर खाली उतरले, साहेब मंचावर बसले, मौनेशने ठेका धरला, तरी टाळ्या चालूच.

मास्तर काठी आपटून एवढंच म्हणाले, "मौनेश, मान खाली घालून वाजव."

मौनेशने मान खाली घातली. भुवई गेली.

साहेबांनी 'सा' लावला. मग रिषभावर आले. घसा थंडीने धरला होता, तरी रिषभ चक्क झुलला. महानंदाने दचकून त्यांच्याकडे बघितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काही ऐकू येत नाही हो!" आणि मागची सगळी माणसं टाळ्या वाजवत वाजवत पुढे येऊन बसली.

बंदिश सुरू झाली. पहिली दोन-तीन आवर्तनं बरी गेली. पन्नास माणसं समेवर टाळी देत होती, त्यामुळे सम न सापडायला माणूस ठार बहिराच हवा होता. साहेबांना वाटलं, हे भलतंच सोपं आहे, आधी का नाही सुचलं? पण तेवढ्यात मंडळाचं रक्त खेळू लागलं. टाळ्या तबल्याच्या जरा पुढे गेल्या. मग आणखी पुढे. आता सभामंडपात दोन समा झाल्या. एक मौनेशची, एक मंडळाची. साहेबांना आयुष्यात एक सम धड सापडली नव्हती आणि आज देवाने त्यांना दोन दिल्या!

त्यांनी मौनेशकडे बघितलं. मौनेशचं टक्कल दिसलं. कट्टीसरांकडे बघितलं, तर सर अत्यानंदाने मंडळाबरोबर टाळ्या देत होते. उप्पिटाच्या फोडणीचा वास आला. मास्तर टक लावून बघत होते. आता जातोय राग, त्यांना वाटलं, आता मरेपर्यंत इडलीचं पीठ.

मग त्यांनी डोळे मिटले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. डोळे मिटल्यावर बघायला कुणाची भुवई उरली नाही, कुणाचा हात उरला नाही. शेजारी महानंदाचा तंबोरा चालला होता, एकाच गतीने, कुणाकडेही लक्ष न देता. त्याच्या पलीकडे, टाळ्यांच्या पावसाखाली, तबला आपला हळूहळू फिरत होता. साहेबांनी एक तान घेतली. लहानशीच घेतली. खाली आले, बंदिशीचा मुखडा उचलला आणि पाय ठेवावा तसे समेवर येऊन उभे राहिले.

मौनेशची थाप बरोबर तिथेच पडली. मंडळाची टाळी त्याच्या आधीच येऊन गेली होती, पण मौनेशने मान वर करून बोंब मारली, "क्या बात है, साहेब!" साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना लाज वाटली नाही. आणखी दोनदा ते तसेच गेले आणि तसेच परत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा आचाऱ्याने "नाश्ता तयार!" अशी हाक दिली आणि साहेबांच्या समोरचा सगळा सभामंडप उठून गेला.

उरले मास्तर. आणि ईरण्णा, तो मेला तोंड उघडं टाकून बसला होता.

"ते कापड काढ तिथलं," मास्तर त्याला म्हणाले. फलक खाली आला तसं ढीगभर ऊन आत आलं. साहेबांनी मान खाली घातली.

"सूर्याला टायरने अडवलंस," मास्तर म्हणाले. "अर्धा भैरव उन्हातच गायलास. पण सम तुझी होती. मी शब्द दिलाय. उद्यापासून दुसरा राग."

साहेबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "कोणता, मास्तर?"

"रामकली."

"रामकली," साहेब म्हणाले. "फार गोड राग. म्हणजे... तिची वेळ कोणती?"

"पहाटेची. भैरवाचीच की. सूरही बरेचसे तेच. तुला जड जाणार नाही."

ईरण्णाला एकाएकी खोकला आला आणि तो तोंड दाबून बाहेर पळाला. साहेब तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. ते जाकीट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. मग त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते धाडस केलं.

"मास्तर, एखादा संध्याकाळचा..."

"संध्याकाळचा राग शिकवायला संध्याकाळी जागं राहावं लागतं, वीरभद्रा. मी दिवेलागणीला भाकरी खातो आणि आडवा होतो. कित्येक वर्षं झाली, मी यमनची वेळ बघितलेली नाही."

"पण आपल्या घराण्याची रीत... एक राग, सात वर्षं..."

"कसली रीत?" मास्तरांना खरंच आश्चर्य वाटलं. "माझे गुरुजी मला सहा महिन्यांत नवा राग द्यायचे."

सभामंडपात तंबोरा थांबला. सात वर्षं थंडीवाऱ्यात कानटोपी घालून जाणारा माणूस, ऑफिसात छाती फुगवून रीत सांगणारा माणूस आता शालीचं टोक चाचपत राहिला. शेवटी महानंदाच म्हणाली, आणि चांगली तडकून म्हणाली.

"मग यांना सात वर्षं एकावरच का हो ठेवलंत, मास्तर?"

मास्तर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

"पहाटेचे राग मला येतात चार," ते म्हणाले. "भराभर देऊन टाकले असते, तर मग पहाटे माझ्याकडे आलं असतं कोण?"

बाहेर मंडळ भज्यांवरून भांडत होतं. महानंदाने तंबोरा अलगद भिंतीला टेकवला आणि मास्तरांसाठी उप्पीट आणायला गेली. साहेब उठले. आपली नवी शाल त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यांवर टाकली, कारण मंडपात अजून गारठा होता.

"उद्या येतो, मास्तर. रोजच्याच वेळेला."

"ये," मास्तर म्हणाले. "पण रामकलीची घाई करू नकोस."